वाचता वाचता विचारावे कसे?

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मुलांच्या वाचनाविषयी काही लिहावे, असे चिटणिसांनी सुचविले तेव्हा आम्ही प्रथम थोडे कचरलो. गेली सहा वर्षे ट्रस्टच्या शनिवारच्या मराठी वाचनवर्गात आम्ही शिकवितो हे खरे. परंतु तेथे वाचावयाचे पुस्तक बहुतेक वेळा पवित्र शास्त्र असते, आणि आम्ही मुसलमान. तथापि ज्यांनी आपली मुले विश्वासाने आमच्या हाती सोपविली, त्यांस आम्ही त्या वर्गात काय करतो आणि का करतो हे सांगणे आमचे कर्तव्यच आहे. यास्तव हा लेख.

बेळगावातील आपली बहुतेक मुले आज इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, उपासनेत मराठी गीते म्हणतात. परंतु पानभर सलग मराठी मजकूर पुढे आला की अडखळतात. म्हणून हा वर्ग निघाला. पहिल्या वर्षी आमचे सारे लक्ष जोडाक्षरे, विरामचिन्हे आणि उच्चार यांवर होते. मुले धडाधड वाचू लागली. पालक संतुष्ट झाले, आम्हीही झालो. मग एके दिवशी एका मुलीने एक दाखला एकही चूक न करता वाचला. आम्ही विचारले, "काय समजले?" ती म्हणाली, "चांगले वागावे." पुढच्या शनिवारी दुसरा दाखला झाला, उत्तर तेच. तिसऱ्या शनिवारी तिसरा. उत्तर पुन्हा तेच. तेव्हा आमच्या ध्यानी आले की, मुलांना तात्पर्य आधीच पाठ होते. गोष्ट ही त्यांच्या आणि त्या तात्पर्याच्या मध्ये येणारी एक अडचण होती, ती लवकर ओलांडली की झाले!

हा दोष मुलांचा नव्हे. "काय समजले?" हा आमचा प्रश्नच आळशी होता. त्याला आळशी उत्तर मिळाले.

रथातील वाचक

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात एक प्रसंग आहे. वाचनाच्या शिक्षकाने तो वारंवार आठवावा असा आहे. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार यरुशलेमेहून परतताना रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक मोठ्याने वाचीत आहे. फिलिप्प धावत रथाजवळ जातो आणि उपदेशास आरंभ करण्यापूर्वी एवढेच विचारतो की, आपण वाचता ते आपणांस समजते काय? खजिनदार मोठ्या हुद्द्यावरचा मनुष्य. पण तो रागावत नाही. कोणी वाट दाखविल्याशिवाय कसे समजणार, असे म्हणून तो फिलिप्पाला शेजारी बसवून घेतो. मग तो स्वतःचा प्रश्न काढतो: संदेष्टा हे स्वतःविषयी बोलत आहे की दुसऱ्या कोणाविषयी?

हा प्रश्न पाहण्यासारखा आहे. तो पुस्तकाबाहेरून आणलेला नाही. वाचता वाचता जेथे अर्थ अडला, नेमक्या तेथेच तो उभा राहिला आहे. खोल प्रश्न म्हणजे अवघड शब्दांचा प्रश्न नव्हे; मजकुराला धरून राहणारा आणि तरीही मजकुराच्या पृष्ठभागावर न थांबणारा प्रश्न, अशी व्याख्या आम्ही या गोष्टीवरून केली आहे.

प्रश्नाने श्रद्धा डळमळते काय?

कित्येक पालक आम्हांस हळूच विचारतात, "सर, मुले फार प्रश्न विचारू लागली तर त्यांचा विश्वास ढळणार नाही ना?" ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही, कारण आमच्या समाजातील पालकही हेच विचारतात. परंतु ज्या धर्माचे पुस्तक आपण मुलांच्या हाती देतो, त्यात प्रश्न किती आहेत हे एकदा पाहावे. ईयोब देवालाच प्रश्न करतो. थोमा पाहिल्याशिवाय मानावयास तयार नाही, तरी त्यास शिष्यांतून घालविले जात नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला आढळतो. तो त्यांचे ऐकत आहे आणि त्यांस प्रश्नही विचारीत आहे. ऐकणे आणि विचारणे, दोन्ही एकत्र. मुलांसाठी याहून चांगला कित्ता कोणता?

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभही प्रश्नानेच झाला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला. त्याचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. त्याच्या प्रारंभी, नव्याने ख्रिस्ती झालेला एक श्रोता पाद्री गुरूस विचारतो की, जुनी पुराणे तर बंद झाली, मग त्यांच्या जागी आम्ही वाचावे काय? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ. पुढेही श्रोते कथा मध्येच थांबवून शंका काढतात आणि गुरू त्यांचे निरसन करतो.

आपल्याच गावचे बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावात झाला. त्यांनी १८५४ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि आपल्या मनाची ती सारी वाटचाल 'अरुणोदय' या आत्मचरित्रात लिहून ठेवली. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण तर घरोघरी ठाऊक आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंचा १९०० साली. पतीने केले म्हणून त्यांनी लगोलग केले नाही. मधली पाच वर्षे त्या विरोध करीत, विचार करीत, स्वतःशी भांडत होत्या. 'स्मृतिचित्रे' वाचणारास त्या भांडणाचे मोल कळते. पंडिता रमाबाईंनी बायबल मराठीत आणण्यासाठी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला; त्यांचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ साली पूर्ण छापून निघाले. या शब्दाचा खरा अर्थ काय, हा प्रश्न त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत सोडला नाही. प्रश्नाने यांची श्रद्धा ढळली, असे कोण म्हणेल?

एक पाठ : चांगला शमरोनी

आता प्रत्यक्ष वर्गात काय करावे ते सांगतो. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील दाखला घेऊ. आम्ही प्रश्नांच्या चार पायऱ्या करतो.

पहिली पायरी, पुस्तकात काय लिहिले आहे? वाटेने कोण कोण गेले? जखमांवर काय ओतले? उतारशाळेच्या मालकास किती पैसे दिले? ही पायरी सोपी म्हणून गाळू नये. ज्या मुलास तेल, द्राक्षारस आणि दोन दिनार आठवत नाहीत, त्याचा पुढचा विचार हवेत राहतो.

दुसरी पायरी, हे असे का लिहिले असावे? येथे थोडी माहिती पुरवावी लागते. यरुशलेमेहून यरीहोस जाणारा मनुष्य 'खाली' जात होता असे म्हटले आहे. का बरे? यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या बेळगावाइतकेच. आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली आहे. अंतर मात्र सत्तावीस किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे आपल्याला खानापूर जेवढे तेवढेच. आम्ही मुलांस म्हणालो, "चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यास गेलात, समुद्र लागला, आणि तरीही वाट खालीच चालली आहे, असे समजा." लागलीच एक मुलगा म्हणाला, "मग तिथे ओसाड असेल, चोरांना लपायला जागा असेल." दुसरा म्हणाला, "म्हणून तो याजक घाबरला असेल. चोर अजून तिथेच असतील तर?" आतापर्यंत याजक हा मुलांच्या लेखी निव्वळ दुष्ट होता, आता तो भ्यालेला मनुष्य झाला. भ्यालेला मनुष्य आपल्यासारखा असतो, म्हणून त्याच्याविषयी विचार करणे भाग पडते.

तिसरी पायरी, याचा दुसऱ्या कशाशी संबंध लागतो काय? दोन दिनार म्हणजे किती? मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातील मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार ठरली आहे. तेव्हा दोन दिनार ही दोन दिवसांची मजुरी. मुलांनी आज मजुरास दिवसाला काय मिळते याची घरी चौकशी केली, तिची दुप्पट केली, आणि वर अधिक खर्च झाल्यास तोही देईन हे शमरोन्याचे वचन त्यात मिळविले. एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे हा नुसता दया करत नाही, हा उधारीही डोक्यावर घेतो." हे वाक्य आम्हांस कोणत्याही टीकाग्रंथात मिळाले नसते.

चौथी पायरी, हे मला काय विचारते? येथे दाखल्याची मूळ चौकटच उपयोगी पडते. नियमशास्त्राच्या पंडिताने विचारले होते की, माझा शेजारी कोण? गोष्ट संपल्यावर येशू प्रश्न परतवितो, पण तो तसाच परतवीत नाही. या तिघांपैकी शेजारी झाला कोण, असे तो विचारतो. पहिल्या प्रश्नात शेजारी दुसरा कोणी तरी आहे. दुसऱ्यात शेजारी व्हावयाचे ते आपण. प्रश्नाचे तोंड फिरले की मनुष्याचेही तोंड फिरते. एवढे मुलांस उमगले की "चांगले वागावे" हे उत्तर त्यांस स्वतःलाच अपुरे वाटू लागते.

थांबण्याची विद्या

प्रश्न विचारून झाल्यावर शिक्षकाने करावयाची सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे गप्प बसणे. अमेरिकेतील मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या सुमारास वर्गांचे ध्वनिमुद्रण तपासून दाखविले की, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात. आणि ते तीन सेकंद किंवा अधिक थांबू लागले तर मुलांची उत्तरे लांबतात, अबोल मुले बोलू लागतात आणि मुले स्वतःचे प्रश्नही अधिक विचारतात. आम्ही मनातल्या मनात पाच अंक मोजतो. ते पाच अंक आरंभी पाच मिनिटांसारखे वाटत. आता सवय झाली.

आमची एक चूक

थांबण्याची ही विद्या आम्ही पुस्तकातून शिकलो, पण पटली ती एका चुकीमुळे. उधळ्या पुत्राचा दाखला चालला होता. अकरा वर्षांचा एक मुलगा, कधी न बोलणारा, त्या दिवशी उभा राहून म्हणाला, "सर, धाकटा घरी आला तेव्हा मोठ्याला शेतातून बोलवायला कोणीच का नाही गेले?" वेळ संपत आली होती. क्षमा हा विषय फळ्यावर लिहून झाला होता. आम्ही म्हणालो, "तो प्रश्न या धड्यातला नाही. पुढे वाच." तो खाली बसला. पुढचे दोन शनिवार तो आलाच नाही.

दुसऱ्या शनिवारी रात्री आम्ही तो अध्याय पुन्हा काढला. मोठा भाऊ शेतात होता. घराजवळ येताना त्याने वाद्ये ऐकली. एका चाकरास हाक मारून विचारले, तेव्हा त्यास कळले. प्रश्न अक्षरशः धड्यातलाच होता! इतकी वर्षे आम्ही हा दाखला शिकवीत आलो, आणि मेजवानीची खबर थोरल्याला चाकराकडून कळली हे आमच्या लक्षातच आले नव्हते.

आम्ही कॅम्पातील त्याच्या घरी गेलो. त्याचा धाकटा भाऊ मोठ्या दुखण्यातून नुकताच उठला होता. सहा आठवडे आईवडील दवाखान्यात आणि हा आजीकडे. आई म्हणाली, "या दिवसांत त्याने काही म्हणजे काही विचारले नाही हो सर. म्हणून आम्हाला वाटले, तो ठीक आहे." आम्ही तिला वर्गातला प्रश्न सांगितला. ती बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करीत बसली. मग उठून तिने त्याला आतून हाक मारली, आणि आम्ही चहा न घेताच निघालो, कारण ती वेळ आमची नव्हती.

पुढच्या शनिवारी तो आला. आम्ही वर्गासमोर सांगितले की, मागच्या वेळी आम्ही चुकलो. प्रश्न धड्यातलाच आहे. मुलांनी पुस्तकात डोकी घातली. थोड्या वेळाने एक मुलगी म्हणाली, "बोलवायला कोणी गेले नाही हे खरे. पण तो आत येईना तेव्हा वडील स्वतः बाहेर आले. धाकट्यासाठी एकदा धावले, मोठ्यासाठी एकदा बाहेर आले." त्या मुलाने विचारले, "मग तो आत गेला का?" गोष्टीत ते लिहिलेले नाही. आम्ही तसे सांगितले. दोन हजार वर्षे ते दार उघडेच ठेवलेले आहे, तर घाईने लावणारे आम्ही कोण?

तुम्ही हे खरे मानता काय?

आणखी एक प्रश्न नमूद केला पाहिजे. ईस्टरच्या आधीच्या शनिवारी वधस्तंभाचा भाग वाचून झाल्यावर एका मुलीने सरळ विचारले, "सर, तुम्ही हे खरे मानता का?" वर्ग चिडीचूप झाला. आम्ही नेहमीचे पाच अंक मोजले, या वेळी स्वतःसाठी.

आम्ही सांगितले: "आमच्या घरी हजरत ईसा यांस पैगंबर मानतात. कुरआनातील एकोणिसाव्या सूरेस त्यांच्या आईचे, मरियमचे नाव आहे. परंतु वधस्तंभ व पुनरुत्थान यांविषयी तुमची श्रद्धा आणि आमची श्रद्धा एक नाही. तुझा प्रश्न चांगला आहे. तो आपल्या घरी आणि पाळकसाहेबांना विचार."

त्याच संध्याकाळी आम्ही हे पाळकसाहेबांस आणि चिटणिसांस स्वतः जाऊन सांगितले. वर्ग आमच्याकडून काढून घेतला तरी गैर वाटून घ्यावयाचे नाही, असे मनाशी ठरविले होते. पाळकसाहेब पुढच्या शनिवारी वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले, आणि आम्ही विनंती केल्यावर उठून आपल्या श्रद्धेचे उत्तर त्यांनी मुलांस दिले. एका पालकांनी मात्र आपल्या मुलास वर्गातून काढले. त्यांचा निर्णय आम्हांस समजतो. मूल त्यांचे आहे. परंतु त्या दिवशी आम्ही खोटे बोललो असतो, किंवा "असले प्रश्न विचारू नयेत" म्हणालो असतो, तर राहिलेल्या मुलांस आम्ही पुन्हा कोणत्या तोंडाने म्हणालो असतो की, विचारा?

यावरून आम्ही आमच्यापुरती एक मर्यादा आखून घेतली आहे. मजकूर नीट वाचावयास आणि प्रामाणिकपणे विचारावयास शिकविणे हे शिक्षकाचे काम. कोणते उत्तर जन्मभर उराशी धरावे, हे घराचे आणि मंडळीचे काम. एकाने दुसऱ्याचे काम करू जाऊ नये, आणि एकाने दुसऱ्याच्या कामास भिऊही नये.

घरच्यांसाठी चार गोष्टी

वर्ग आठवड्यातून एकच तास भरतो. बाकीचे दिवस मूल घरी असते. म्हणून पालकांस चार सूचना कराव्याशा वाटतात.

रोज थोडेच वाचावे. आठदहा ओळी पुरेत. पण दोनदा वाचाव्यात, एकदा मुलाने आणि एकदा मोठ्याने.

तात्पर्य विचारू नये. त्याऐवजी "तुला कोठे अडल्यासारखे वाटले?" किंवा "यातील कोणाला काही विचारावेसे वाटते काय?" असे विचारावे. लहान मुले दाखल्यातील माणसांस फार चांगले प्रश्न विचारतात.

मुलाच्या प्रश्नास उत्तर ठाऊक नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, आणि शोधून सांगण्याचा वार ठरवून तो पाळावा. आजीआजोबा घरात असतील तर प्रश्न त्यांच्याकडेही न्यावा. पुष्कळदा उत्तर तेथेच असते.

आणि एक वही ठेवावी. उजव्या पानावर प्रश्न लिहावा, डावे पान कोरे सोडावे. उत्तर त्याच दिवशी लिहिलेच पाहिजे असे नाही. आमच्या वर्गातील काही वह्यांत तीन वर्षांपूर्वीची पाने अजून कोरी आहेत, आणि मुले ती अधूनमधून उघडून पाहतात.

आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांत अनेकांस शिष्यवृत्त्या दिल्या, पुस्तके दिली, फी भरली. या वाचनवर्गावर खर्च तसा थोडाच होतो. एक खोली, दोन पंखे, काही बाके आणि कपाटभर पुस्तके. परंतु मूल जेव्हा काहीच विचारीत नाही तेव्हा ते ठीक आहे असे समजून आपण पुढे जातो, ही चूक आमच्या हातून झाली आहे आणि ती पुन्हा कोणाच्याही हातून होऊ नये, एवढ्यासाठी हा वर्ग पुढील पन्नास वर्षेही चालावा. शिक्षक कोणीही असो. ट्रस्टच्या सर्व सभासदांस आणि त्यांच्या कुटुंबीयांस सुवर्णमहोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा.